कोलोनचं चर्च ६३२ वर्षांनी पुरं झालं, तरी जुनं कुठलं नवं कुठलं कळत नाही, हे कसं जमलं?

शहापूरची_अक्का

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगाव शहापूरची, माहेर खानापूर तालुक्यातलं. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडं जर्मनीला जाऊन आलो, ती आखनला असते, तिथनं रेल्वेनं तासाभरात कोलोन. लहानपणी ताप आला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची बघा, ते ह्याच गावचं, एवढीच माझी त्या गावाची ओळख. स्टेशनातनं बाहेर पाऊल टाकलं आणि समोर ते कॅथेड्रल असं अंगावर आलं की मी हातातली पिशवी खाली ठेवून नुसती बघत राहिले. मान किती वर करायची याला हिशेबच नाही. काळंभोर, टोकं टोकं, आणि एवढ्या दगडात सगळीकडं जाळीसारखी नक्षी. आत गेलो तर त्याहून नवल, भिंत म्हणून दिसतच नाही, नुसत्या रंगीत काचा आणि त्यातनं खाली फरशीवर पडलेला उजेड. ह्यांनी ५३३ पायऱ्या चढून वर जाऊन आले, मी खालीच बसून बघत होते.

लेकीनं पाटीवरचं वाचून सांगितलं की १२४८ ला काम सुरू केलं आणि १८८० ला पुरं झालं. माझ्या डोक्यातनं हे जातच नाही. आपल्याकडं एक पिढी बदलली की घराचा नकाशा बदलतो, मग सहाशे वर्षांनी काम हाती घेणाऱ्यांना पहिल्यांच्या मनात काय होतं ते कळलं कसं? बाहेरनं दोन्ही मनोरे सारखेच दिसतात, कुठं जोड म्हणून दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे, भिंतीत एवढ्या काचा घातल्यावर ते वरचं ओझं पेलतंय कोण?

विचारण्याचं कारण सांगते. आमच्या माहेरच्या गावातलं रवळनाथाचं देऊळ पाडून स्लॅबचं नवीन बांधायचं चाललंय. गाभारा काळ्या दगडाचा आहे, पुढं सागवानी खांब आणि वर कौलं. कौलं गळतात हे खरंच आहे, पावसाळ्यात पुजाऱ्याला बादल्या ठेवायला लागतात. पण म्हणून सगळंच पाडायचं? पुढच्या रविवारी गावात बैठक आहे, माहेरवाशिणींनाही बोलावलंय कारण वर्गणी आमच्याकडनंही घ्यायची आहे. मला तिथं नीट काहीतरी बोलायचंय, म्हणून ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा की. नुसतं छान छान म्हणू नका.


निपाणीचा_मास्तर

अक्का, प्रश्न फार चांगला विचारलात. चाळीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा भाग पाठ्यपुस्तकात कधी आला नाही, मी तो माझ्या आवडीनं वाचला.

त्यांच्या मनात काय होतं ते कळलं कारण नकाशा सापडला. पण तो सापडण्याआधी काय झालं ते ऐका. त्याच जागेवर आधीचं एक जुनं मोठं चर्च होतं, ते पाडून नवीन बांधायचं ठरलं आणि पाडताना आग लागून ते जळालं, म्हणून मग १५ ऑगस्ट १२४८ ला आर्चबिशप कोनराड यांनी नवीन कामाचा पायाचा दगड बसवला. मुख्य कारागीर होता गेरहार्ड. हा माणूस फ्रान्समधल्या आमिएंचं चर्च बघून आलेला असणार, कारण आराखडा त्याच घराण्यातला आहे. पहिल्यांदा पूर्वेकडचा भाग बांधला, म्हणजे आपल्या भाषेत गाभाऱ्याची बाजू. तो १३२२ ला पुरा होऊन तिथं पूजाअर्चा सुरू झाली. पश्चिमेकडनं उघडं पडू नये म्हणून मधे एक तात्पुरती भिंत घातली. तात्पुरती म्हणून घातलेली ती भिंत १८६३ पर्यंत उभी होती, आता बोला!

पुढं दक्षिणेकडचा मनोरा चढवायला घेतला, तो पन्नासेक मीटरच्या वर गेला, त्यात १४४८ आणि १४४९ ला ओतलेल्या दोन मोठ्या घंटाही टांगल्या. पण पैसा आटला, लोकांची ओढ कमी झाली, तिकडं धर्मसुधारणेची वादळं आली आणि १५६० ला काम अधिकृतपणे थांबवलं. तेव्हापासून त्या अर्ध्या मनोऱ्याच्या डोक्यावर दगड उचलायची लाकडी यारी तशीच उभी. आत मोठं चाक असायचं, त्यात माणसं चालायची की दोर गुंडाळला जायचा, आपल्या रहाटासारखंच पण माणसं चाकाच्या पोटात. ही यारी चारशे वर्षांच्या आसपास तिथं होती, १८६८ ला उतरवली. मला त्या यारीचं सगळ्यात जास्त वाटतं. दहा-बारा पिढ्या गावातली पोरं ती बघत मोठी झाली असतील आणि त्यांना कुणी ना कुणी सांगत असणार की हे काम राहिलंय.

१७९४ ला फ्रेंच सैन्य आलं, त्यांनी चर्च गोदाम म्हणून वापरलं. आणि मग १८१४ मध्ये डार्मश्टाट नावाच्या गावात एका खानावळीच्या माळ्यावर चामड्याचा एक मोठा तुकडा सापडला. असं सांगतात की तो ताणून त्यावर शेंगा वाळत घालायचे. तो होता कोलोनच्या पश्चिमेकडच्या दर्शनी बाजूचा मूळ नकाशा, निम्मा. गेऑर्ग मोलर नावाच्या वास्तुतज्ज्ञानं तो ओळखला. उरलेला निम्मा दोन वर्षांनी सुल्पिझ बोइसरे या माणसाला पॅरिसमध्ये मिळाला. दोन्ही जोडले तर चार मीटरच्या वर उंच, त्यावर दोन्ही मनोऱ्यांची रेघ न् रेघ काढलेली. १३०० च्या आसपासचा तो नकाशा आजही त्या चर्चमध्येच एका बाजूच्या दालनात पडद्याआड ठेवलेला आहे, उजेड लागून खराब होऊ नये म्हणून पडदा.

बोइसरेनं त्याआधीपासूनच इमारतीची मापं घेऊन चित्रं काढायला सुरुवात केली होती आणि हे पुरं करायचंच म्हणून राजापासून कवीपर्यंत सगळ्यांच्या मागं लागला होता. एका माणसाची चिकाटी आहे ही. शेवटी १८४२ ला लोकांनी वर्गणी जमवायला संस्था काढली आणि ४ सप्टेंबरला प्रशियाच्या राजानं, चौथा फ्रेडरिक विल्यम, दुसऱ्यांदा पायाचा दगड बसवला. राजा प्रॉटेस्टंट आणि चर्च कॅथलिक, तरी. पुढं पैसे कमी पडले तेव्हा लॉटरीसुद्धा काढली. त्स्विर्नर हा त्या कामाचा मुख्य, तो १८६१ ला गेला, त्याच्या मागनं फोइग्टेलनं १८८० ला पुरं केलं. १५७ मीटर, म्हणजे तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत. चार वर्षांनी वॉशिंग्टनच्या स्मारकानं तो मान घेतला.


पाथरवट_खानापूर

अक्का मी दगडाच्या कामातला माणूस, आजा पाथरवट, बाप पाथरवट, मी आता जास्त करून जुनी देवळं आणि वाडे दुरुस्त करायची कामं घेतो. तुमचा दुसरा प्रश्न मी घेतो, ओझं पेलतंय कोण.

घरात शिडी भिंतीला लावून बघा. शिडी जास्त आडवी लावली की पाय मागं सरकतात, उभी लावली की सरकत नाहीत. कमानीचं तेच आहे. अर्धगोल कमान म्हणजे आडव्या शिडीसारखी, दोन्ही बाजूच्या खांबांना भायेर ढकलती. त्या लोकांनी कमान हात जोडल्यासारखी टोकाची केली, म्हणजे शिडी उभी झाली, ढकलणं कमी झालं. पण बंद काय झालं नाही, ४३ मीटरवर दगडी छत हाय म्हटल्यावर ढकलणार की ओ, चौदा मजल्याची उंची झाली ती.

मग काय केलं, छताला दगडाच्या बरगड्या घातल्या. छत्रीच्या काड्या असतात तशा. सगळं वजन काड्यांवरनं खांबाच्या डोक्यावर येतंय, मधल्या भिंतीवर येतच नाही, म्हणून मधली भिंत काढून काचा बसवल्या. आणि खांब भायेर कलू नये म्हणून भायेरनं टेकू दिला. आपल्याकडं पावसाळ्यात मातीची भिंत भायेर येतीय म्हटलं की आपण वासा तिरका लावतो का नाही, तसाच, पण दगडाचा आणि हवेतनं कमानीसारखा उडी मारून आलेला, त्याचा पाय लांब खाली भक्कम खांबावर. कोलोनला एकावर एक असे दोन दोन टेकू हायत. आणि त्या टेकूच्या खांबावर जी टोकदार कळसासारखी शिखरं दिसतात ती लोकांना वाटतंय नुसती शोभा, तसं नाही, ते वजन हाय. शिडीच्या पायावर आपण माणूस उभा करतो तसं. वरनं दाब पडला की खांब ढकलल्यानं सरकत नाही.

आपल्याकडं हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं केली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघा, जैन देऊळ ते, १२०४ ची, रट्ट राजाच्या काळात बिचिराज मंत्र्यानं बांधलेली, म्हणजे कोलोनच्या आधी चव्वेचाळीस वर्षं. तिथं खरी कमान कुठंच नाही. खांबावर तुळई, तुळईवर दगड, एकेक थर थोडा थोडा आत घेत छत मिटवत न्यायचं, आणि मधोमध ते उलटं कमळ लटकतंय. आमचा आजा म्हणायचा आपला दगड दाबतो, ढकलत नाही. म्हणून आपल्याला भायेरनं टेकू लागत नाहीत पण खांब जवळ जवळ लागतात आणि आत उजेड कमी. त्यांना उजेड पायजे होता, आपल्याला गाभाऱ्यात काळोख पायजे होता. दोघांनी आपापल्या देवाला पायजे तसं दगडाकडनं करून घेतलं. मी कमल बस्तीत काम करणाऱ्यांना बघायला गेलो की अजून तासभर त्या कमळाखाली मान वर करून बसतो.


टिळकवाडी_आर्किटेक्ट

मास्तरांनी इतिहास सुंदर सांगितलाय, पण एक गोष्ट साफ बोलायला पाहिजे नाहीतर अक्कांच्या बैठकीत कुणीतरी ती उलटी वापरेल. ६३२ वर्षं काम चाललं असं नाही, त्यातली २८२ वर्षं काम बंदच होतं. पूर्वेकडचा भाग, मधल्या दालनाचा खालचा काही भाग आणि दक्षिण मनोऱ्याचा खालचा भाग हे मध्ययुगातलं, बाकी उत्तर मनोरा, दोन्ही टोकं, दोन्ही बाजूंचे दर्शनी भाग, मधलं छत हे सगळं १८४२ ते १८८० च्या अडतीस वर्षांतलं. छपराखालचा सांगाडा तर लोखंडी आहे, आयफेल टॉवरच्या पंचवीस-तीस वर्षं आधीचा, पण खालनं तो दिसत नाही. म्हणजे त्या लोकांनी नवीन तंत्र वापरलं, डोळे झाकून जुन्याचीच नक्कल केली असं नाही. दिसायचं जे होतं ते नकाशाबरहुकूम ठेवलं आणि जिथं आगीचा धोका होता, लाकूड होतं, तिथं लोखंड घातलं. अक्का, तुमच्या देवळाला हीच गोष्ट लागू आहे. गळती थांबवायला कौलांखाली नवीन काहीही घाला, पण खांब आणि गाभारा का पाडायचा?

मुंबईला सीएसएमटी स्टेशन बघितलंत ना, ते गॉथिक धाटणीचंच, १८८८ चं, म्हणजे कोलोन पुरं झाल्यावर आठ वर्षांनी. तो सगळा काळच गॉथिकच्या पुनरुज्जीवनाचा होता. आपल्या कॅम्पातल्या सेंट मेरी चर्चच्या टोकदार कमानी त्याच लाटेतल्या.

काळेपणाबद्दल कुणी लिहिलं नाही. दगड मुळात काळा नव्हता. जुना दगड ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाच्या ड्राखनफेल्स डोंगरातला, होडीतनं आणलेला, करड्या रंगाचा. एकोणिसाव्या शतकात त्यात वेगवेगळे वालुकाश्म वापरले, त्यातल्या काहींत चुना आहे. शेजारी रेल्वे स्टेशन, कोळशाचा धूर, धुरातलं गंधक पावसाच्या पाण्यात उतरून आम्ल होतं, ते चुन्याला लागलं की जिप्समचा थर तयार होतो आणि त्यात काजळी अडकते. थर काळा दिसतो एवढंच नाही, तो फुगून दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणून त्या चर्चचे स्वतःचे पाथरवट, काचकाम करणारे, सुतार असा एक कारखानाच कायम चालू असतो, तिथली परांची कधी पूर्ण उतरत नाही म्हणतात. ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. पुरं झालं तरी कारागीर सोडून दिले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात त्यावर चौदा बॉम्ब पडले. आजूबाजूचं शहर भुईसपाट झालं आणि हे उभं राहिलं. जुन्या काचा आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. १९४३ ला उत्तर मनोऱ्याच्या कोपऱ्याला मोठं भगदाड पडलं, मनोरा कलायची भीती, तर घाईघाईत साध्या विटांनी ते भरून काढलं. ती विटांची ठिगळपट्टी युद्धानंतर साठेक वर्षं उघडी होती, २००५ पर्यंत घडीव दगडानं ती झाकली. ती झाकावी की युद्धाची खूण म्हणून ठेवावी यावर तिथंही खूप वाद झाला, आणि मला अजूनही वाटतं ठेवायला पाहिजे होती.


कॅम्पातली_रोझी

मी कॅथलिक आहे, बेळगाव कॅम्पातच लहानाची मोठी झाले, घरी कोंकणी, शाळेत मराठी. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, एवढं मोठं बांधलं कशासाठी? येशूच्या जन्माच्या वेळी ताऱ्यामागनं आलेले जे तीन राजे, आम्ही सहा जानेवारीला त्यांचा सण करतो, त्यांच्या अस्थी तिथं आहेत अशी श्रद्धा आहे. ११६४ मध्ये त्या इटलीतल्या मिलानहून कोलोनला आणल्या. मग युरोपभरातनं यात्रेकरू यायला लागले, पंढरीला जावं तसे चालत, आणि जुनं चर्च पुरेना. अस्थींसाठी सोन्यानं मढवलेली पेटी केली, ती मुख्य वेदीच्या मागं काचेत आहे, दोन मीटरच्या वर लांब, छोट्या चर्चच्याच आकाराची. अक्का तुम्ही ती बघितली असणार. म्हणजे आधी पेटी आली आणि त्या पेटीला शोभेल असं घर म्हणून हे कॅथेड्रल आलं. माझ्या आईची फार इच्छा होती तिथं जायची, ती राहून गेली. म्हणून तुमचं वाचताना डोळे भरून आले.

आणि दक्षिणेकडची ती मोठी खिडकी, छोट्या छोट्या चौकोनांची, ती बघितलीत का? ती नवीन आहे, २००७ ची, गेर्हार्ड रिश्टर या चित्रकाराची. युद्धात जुनी काच गेली होती तिथं त्यांनी संत-बिंत काढले नाहीत, ११,२६३ चौकोन, ७२ रंगांत. तिथल्या आर्चबिशपना आवडली नव्हती. पण ऊन पडलं की फरशीवर रंग सांडतात ते मी फोटोत बघून बघून दमत नाही.


पाथरवट_खानापूर

बाई तुम्ही ७२ म्हणाला आणि मला एकदम आठवलं, कमल बस्तीतल्या कमळाला पण ७२ पाकळ्या. चोवीस तीर्थंकर मागचे, चोवीस आताचे, चोवीस पुढचे. योगायोगच म्हणायचा, पण बरं वाटलं.


शहापूरची_अक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. रोझी, ती पेटी बघितली, पण ती काय आहे ते आत्ता तुमच्यामुळं कळलं. आणि फरशीवरचा तो रंगीत उजेड मी लिहिला होता ना वर, तो त्याच खिडकीचा असणार, कारण दुपारची वेळ होती आणि आम्ही त्याच बाजूच्या बाकावर बसलो होतो. सगळं वाचून काल रात्री ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही दोन वेळा "परत वाच" म्हणाले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते नकाशाचं. तो चामड्याचा तुकडा शेंगांबरोबर सडून गेला असता तर ते मनोरे आज नसते, किंवा कसेतरी झाले असते. आणि मग लक्षात आलं की आमच्या देवळाचा एक कागद कुणाकडं नाही. खांब किती, कोरीव काम कुठं काय, गाभाऱ्याची मापं, काहीच नाही. माझ्या आजीनं ज्या खांबाला टेकून भजन ऐकलं त्या खांबाचा धड एक फोटोसुद्धा नाही. उद्या पाडलं तर परत तसं करायचं म्हटलं तरी कुणाला जमणार नाही. तर मी बैठकीत पाडू नका असं नुसतं नाही सांगणार, आधी मापं घेऊन कागदावर काढा, फोटो काढा, मग कौलं उतरवा आणि काय दुरुस्त होतंय ते जाणत्याला दाखवा, मग पाडायचं की नाही त्यावर बोलू. वर्गणी द्यायला मी तयार आहे, पण ह्या कामाला पहिली.

मापं घ्यायला कुणाला सांगायचं आणि खर्च किती येतो तेवढं सांगाल का?


टिळकवाडी_आर्किटेक्ट

अक्का खर्चाचं सोडा. माझ्याकडं कॉलेजची दोन पोरं ट्रेनिंगला आहेत, त्यांनाही शिकायला मिळेल. बैठकीच्या आधी शनिवारी येतो. कमिटीच्या एका माणसाला तेवढं विचारून ठेवा, न विचारता टेप लावलेला लोकांना आवडत नाही, आणि बरोबरच आहे ते.


पाथरवट_खानापूर

मी पण येतो, मोटरसायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता. गाभाऱ्याचा दगड हातोडीनं वाजवून बघायला पायजे, आतनं पोकळ झालाय का ठणठणीत हाय ते आवाजावरनं कळतंय. खांबाचं बूड वाळवीनं खाल्लं असलं तरी घाबरू नका, बूड कापून खाली दगडी जोतं सरकवता येतंय, असली चार देवळं केलोय. पुजाऱ्यांना सांगून ठेवा सकाळी पूजा आवरली की सुरू करू, आणि उजेड कमी असतो म्हणून बॅटरी मी आणतो.


शहापूरची_अक्का

पुजाऱ्यांना फोन केला आत्ताच. ते म्हणाले या, नऊ वाजता दार उघडून ठेवतो. जेवण माझ्या वहिनीकडं, भात आमटी आणि तांदळाची भाकरी, सगळ्यांनी जेवूनच जायचं.